घोडीचा विडा

मुलाच्या वरातीत नाचणारी घोडी आणण्याचा हट्ट माझा होता. तीस वर्षे शाळेत शिकवताना मी कधी आवाज चढवला नाही. अशा मला दुधनीच्या व्याह्यांसमोर काय सिद्ध करायचे होते, ते आजही नीट सांगता येत नाही. नातेपुत्याकडचा एक घोडीवाला ठरला. वरात निघण्यापूर्वी माझ्या बहिणीने घोडीला ओवाळले आणि मानाचा विडा भरवला.

हलगी कडाडली. रस्त्यात मांडलेल्या बाजेवर घोडी चढली आणि मागच्या पायांवर उभी राहिली. खाली उतरली तेव्हा तिच्या तोंडातून तांबडा फेस गळत होता.

"हे काय हो?" व्याह्यांनी विचारले.

"विडा रंगलाय की तिचा!" घोडीवाला हसला. "लई शौकीन हाय."

"म्हणजे विहीणबाईंपेक्षा हिचाच जास्त रंगला म्हणायचा!"

सगळे हसले. मीही हसलो आणि हात उंचावून ओरडलो, "आणखी एकदा!"

गर्दीने ते शब्द उचलून धरले. घोडीवाल्याने लगाम आखडला, ती पुन्हा उभी राहिली. मग पुन्हा. शेवटी तिचे तोंड कुरवाळत मी फोटो काढून घेतला.

दुसऱ्या दिवशी पत्नीने माझा पांढरा सदरा थंड पाण्यात भिजवला. बाहीवरचा तांबडा डाग पुरता निघून गेला. 

"कातचुन्याचा डाग असा कधी निघतो का?" ती म्हणाली. "हे रक्त होतं."

ओळखीच्या एका पशुवैद्यकांना विचारले. लगामाचा जो लोखंडी दांडा जनावराच्या तोंडात असतो, त्याला काही जण काटे बसवून घेतात, असे त्यांनी सांगितले. बंदी आहे, तरीही. दोर ओढला की काटे जिभेत रुततात आणि वेदना टाळण्यासाठी जनावर उभे राहते. त्यालाच आम्ही नाच म्हणत होतो.

त्या दिवसापासून मी घोडीवाल्याचा द्वेष करू लागलो. आपल्या अपराधाला दुसऱ्याचा चेहरा मिळाला की माणसाला किती हलके वाटते, हे मी तेव्हा अनुभवले. तो दांडा त्याच्या तोंडात आहे आणि दोर माझ्या हातात आहे, असे चित्र मी रोज संध्याकाळी देवापुढे हात जोडून बसलो असताना पाहत असे. ते मला गोड लागे, हे लपवण्यात अर्थ नाही.

मग मी आयुष्यातले पहिले खोटे लग्न ठरवले. नसलेल्या पुतण्याच्या वरातीसाठी त्याला फोन केला. ठरल्या सकाळी तो घोडीला घेऊन आमच्या अंगणात आला, तेव्हा घरात पशुवैद्यक आणि एक हवालदार बसलेले होते.

लगाम उतरवला गेला. दांड्यावर काटे होतेच. घोडीच्या जिभेवर जुने व्रण होते आणि एक जखम ताजी होती. गल्ली गोळा झाली.

"सर, वरातीला बोलावून गळा कापला की माजा," घोडीवाला म्हणाला. मग माझ्याकडे रोखून पाहत म्हणाला, "लगाम म्या वडला, व्हय. पण वड म्हणून वरडत कोण व्हतं?"

तो खरे बोलत होता. म्हणूनच मी अधिक निष्ठुर झालो.

"तिची माफी माग," मी म्हणालो.

त्याने घोडीपुढे हात जोडले. "चुकलं."

मी आवाज चढवला नाही. हळूच म्हणालो, "आणखी एकदा."

"चुकलं, बाई."

"आणखी एकदा."

घोडीच्या तोंडात आता काही नव्हते. हलगी नव्हती, बाज नव्हती, दोर कोणाच्याही हातात नव्हता. तरी तिने कान मागे पाडले, पुढचे दोन्ही पाय उचलले आणि अंगणातल्या फरशीवर ती उभी राहिली. थरथरत, तशीच.

तिला खाली उतर म्हणून कसे सांगायचे, मला ठाऊक नव्हते. ते शेवटी त्यालाच सांगावे लागले.