तिच्या वतीनं

गावाकडे ती अकरा वर्षं गणिताची बाई होती. बोलायला लागली की आवाज शेवटच्या बाकापर्यंत खणखणीत जायचा. नवऱ्याच्या पाठोपाठ या परक्या देशात आली आणि लॉन्ड्रीत हॉटेलांच्या चादरींच्या घड्या घालू लागली. तिथे सगळ्यांनी तिचं नाव 'मुकी' पाडलं. प्रेमानंच म्हणायच्या बायका, पण मुकीच.

भाषेचा वर्ग संध्याकाळी भरायचा आणि तिची पाळीही नेमकी संध्याकाळचीच. तीन वर्षं अशीच गेली. मग एक दिवस चादरीची टोकं जुळवता जुळवता डोळे वाहायला लागले, ते रोजचंच झालं. डॉक्टरीणबाईंकडे जायचं, तर बोलायला नऊ वर्षांची लेक.

"आई, त्या विचारतायत, काय होतंय?"

आता लेकीच्या तोंडून काय सांगणार, कप्पाळ! "सांग, गुडघा दुखतो."

"कुठला?"

"उजवा."

डॉक्टरीणबाईंनी उजवा गुडघा अगदी मन लावून दाबला. तिनंही दोनदा 'आई गं' केलं. मलम घेऊन मायलेकी घरी.

मग लेकीच्या शब्दकोशातून तिनं एकच वाक्य जुळवलं, आठ दिवस घोकलं आणि एकटीच गेली. "मला सारखं रडू येतं."

वाक्य बरोबर लागू पडलं. डॉक्टरीणबाई खुर्ची पुढे ओढून भराभर बोलू लागल्या. हिला अक्षर कळेना. शेवटी त्यांनी फोनवर दुभाष्या लावला.

"बोला ताई," तिच्याच भाषेत आवाज आला.

कितीतरी दिवसांनी कुणी 'बोला' म्हटलं होतं. ती धबाधबा बोलली. कामावर गप्प, घरीही गप्प, भिंती अंगावर येतात, कुठे पळून जावं कळत नाही...

पलीकडचा आवाज एकदम बदलला. "वहिनी? तुम्ही होय?"

नवऱ्याचा मित्र! दर रविवारी जेवायला घरीच असायचा.

"काही नाही हो, भाऊजी. थकवा आहे. तेवढंच सांगा."

त्यानं तेवढंच सांगितलं. शक्तीच्या गोळ्या मिळाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी नवरा म्हणाला, "एकटीच गेलीस? अगं, मला सांगायचं ना! मी काय परका आहे?" रागावला नव्हता तो, उलट कळवळला होता. "आता दर वेळी मी येणार."

शब्दाला जागला. दर महिन्याला रजा काढून तो शेजारच्या खुर्चीत बसतो. डॉक्टरीणबाई तिच्याकडे बघून विचारतात, उत्तर तो देतो. झोप लागते, भूक चांगली आहे, आता पुष्कळ रुळली. छान बोलतो.

ती मान हलवते.