टूलनं वगळलेला मेसेज

मंडळी, मी उमरग्यात घरी बसून एका कंपनीसाठी माहितीपुस्तिका लिहिते. सध्या एका एआय टूलची लिहितेय. ऑनलाइन घेतलेल्या वस्तूचे पैसे ग्राहकानं बँकेकडं परत मागितले, की हे टूल दुकानदाराच्या बाजूचे पुरावे आपोआप शोधून आणतं.

आज दुपारी नमुना म्हणून एक जुनी, नावं झाकलेली तक्रार टूलला दिली. वस्तू होती कानाचं मशीन. बिल, पार्सल दिल्याचा फोटो, सही, सगळं मिनिटभरात आलं. खाली लिहिलं होतं, ‘गैरलागू म्हणून वगळलेले मेसेज’. सहज उघडलं.

“मशीन यायच्या आदल्या दिवशी वडील वारले. डबा उघडलाबी न्हाय. परत घ्या, पाया पडते.”

तक्रार करणाऱ्या बाईंनी हाच मेसेज दुकानदाराला तीनदा पाठवला होता.

मी कंपनीतल्या साहेबांना फोन केला. “सर, या तक्रारीचं पुढं काय झालं?”

“दुकानदाराच्या बाजूनं निकाल लागला. का, टूल चुकलं का?”

“न्हाय सर. बरोबर चाललंय.”

मग मी पुस्तिकेत एक ओळ घातली: पुरावे पाठवण्याआधी वगळलेले मेसेज माणसानं वाचावेत. तासाभरात साहेबांनी ती काढली. “ताई, आपल्याला फक्त टूल कसं वापरायचं तेवढंच सांगायचंय.”

मी “बरं” म्हणाले. राग आला नाही, रडूही आलं नाही. वाळलेले कपडे आणून घड्या घालत बसले.

तुमच्यापैकी कुणी कधी अशी विनंती पाठवली असेल, तर सांगा. ती कुणा माणसानं वाचली होती का?