उंटावरचा आणि त्याची आई

क्रेन चालवणाऱ्याला साइटवर सगळे उंटावरचा म्हणायचे, कारण दिवसभर सगळ्यांच्या डोक्यावर बसून तो खालच्यांच्या चुका काढायचा. लहानपणी हाच गडी स्टुलावर चढायला घाबरायचा, हे फक्त त्याच्या आईला ठाऊक होतं. म्हणजे तिलाच ठाऊक असायला हवं होतं. पण तिच्या तोंडात तीळ भिजत नसल्यामुळे अख्ख्या गल्लीला ठाऊक होतं.

नदीकाठी उंचच उंच इमारत होणार होती. अगदी काठावर क्रेन, तिच्या अलीकडे इमारत, आणि गल्ली ओलांडली की जुन्या घराच्या चौथ्या मजल्यावर मायलेकांच्या दोन खोल्या. कामं उरकली की आई गॅलरीत खुर्ची टाकायची. नदी बघायची आणि नदीवर टांगलेला लेक बघायची. "दोन्ही एका नजरेत मिळतात," ती शेजारणीला सांगायची, "मान वळवायचेही कष्ट नाहीत."

क्रेनचं काम खुणांवर चालतं. खालून सिग्नलवाला हात करतो, वरचा मुकाट ऐकतो. आईने जेवताना लेकाकडून त्या सगळ्या खुणा शिकून घेतल्या आणि मग वाढताना "घे", "पुरे" हे तोंडाने बोलणंच सोडून दिलं.

एकदा उंटावरचा डबा घरीच विसरला. आई गॅलरीत आली आणि दोन्ही हात आडवे पसरून जोरजोरात हलवू लागली. थांब! कारखान्यातून तयार होऊन आलेली अख्खी भिंत तेव्हा तारेला लटकत होती. उंटावरच्याने ती होती तिथेच रोखली. काम ठप्प.

"अरे, मी कुठे थांब म्हटलं?" सिग्नलवाला वॉकीटॉकीवर ओरडला.

"आई म्हणाली."

साइटचे साहेब तावातावाने धावत आले. पण थांबायची खूण कुणीही करो, अगदी रस्त्यावरच्या माणसानेही, क्रेन थांबलीच पाहिजे, हा नियम तेच रोज घसा फोडून सांगत. ते तडक गल्लीत गेले, जिने चढले आणि बऱ्याच वेळाने डबा घेऊन परतले.

"यापुढे खरंच गरज असेल तरच थांबवीन, असं कबूल केलंय तुझ्या मातोश्रींनी," ते म्हणाले. मग हळूच, "स्टुलाचं खरं का रे?"

बांधकाम चौथ्या मजल्याला आलं. एकेक भिंत बसत होती, तशी गॅलरीतून दिसणारी नदी कमी होत होती. आपल्याच हाताने आपण आईची नदी बुजवतोय, हे उंटावरच्याला खाऊ लागलं.

"दुसऱ्या साइटवर बदली मागू का?" त्याने जेवताना विचारलं.

"म्हणजे भिंत काय माघारी जाईल? दुसरा कुणीतरी आणून ठेवेल. आणि वाकडी ठेवेल."

"मग घर बदलू."

"चार जिने उतरून? या गुडघ्यांनी?" आई हसली. "जेव गुमान."

शेवटी गॅलरीच्या बरोबर समोरची जागा तेवढी मोकळी राहिली. तिची भिंत तारेला लागली आणि वर निघाली. आईने थांब म्हणावं, असं उंटावरच्याला मनापासून वाटत होतं. तिने म्हटलं असतं तर तो थांबला असता, मग साहेबांनी आकाशपाताळ एक केलं असतं तरी.

आई उठली. नदी डोळे भरून बघितली, मग लेकाकडे बघितलं, आणि दोन्ही हात उचलले. भिंत थबकली. साहेबांनी कपाळाला हात लावला.

पण आईने केस सारखे केले. मग एक बोट जमिनीकडे रोखून हात हळूहळू गोल फिरवला. खाली घे.

उंटावरचा हलेना. तिने पुन्हा तीच खूण केली, या वेळी त्याने ताटात अन्न टाकलं की करायची तशी, चिडून.

भिंत जागेवर बसली, जराही वाकडी नाही. वरून त्याला भिंतीपलीकडे आई अजून दिसत होती. तिने खुर्ची मागे सरकवली आणि मान पार मागे टाकून त्याच्याकडे बघत बसली. आता तेवढे कष्ट तिला घ्यावेच लागणार होते. पुढचा मजला चढला की तेही संपणार होते.

क्रेन पुन्हा थांबली.

"आता कोण म्हणालं थांब?" सिग्नलवाला ओरडला.

"मीच," डोळे पुसत उंटावरचा म्हणाला. "काही दिसत नाहीये."