भावोजींचे दोन डोंगर

भावोजी गेल्याचा निरोप एसटीच्या कंडक्टरनं आणला. अलिबागच्या स्टँडजवळ आमचं घर, येता-जाता त्याची लांबूनच हाक असते. त्या दिवशी तो दारात येऊन उभा राहिला, तेव्हाच मी काय ते ओळखलं. रेवदंड्याची खाडी तरीतून ओलांडून काशीदच्या अलीकडच्या त्यांच्या गावी पोचले, तोवर सगळं आटोपलं होतं. माझी थोरली बहीण आक्का ओसरीवर बसली होती. मला बघून एवढंच म्हणाली, "गेले गं डोंगरवाले..." आणि मग मात्र मला रडू आवरेना.

भावोजी तरुणपणी ब्रह्मदेशात, मोलमीनच्या एका लाकडाच्या वखारीत होते. लढाई सुरू झाली तसे हाल सोसत, चालत परत आले. मागे सोडून आले ते एक तासून बोडका केलेला डोंगर, आणि इथं घरामागची आपली वरकस बघतात तर तीही कोळशापायी तशीच बोडकी! वरकस म्हणजे भातशेतीबरोबरची उताराची जमीन. तिथल्या ऐन-किंजळाच्या फांद्या दरवर्षी छाटायच्या, वाळवून वाफ्यावर जाळायच्या आणि त्या राबावर भाताचं बी पेरायचं, ही आमच्याकडची रीत. पण दोन्ही देश काही महिन्यांच्या अंतरानं स्वतंत्र झाले आणि या गृहस्थांच्या डोक्यात भलतंच शिरलं. "दोघंही आताच सुटलेत, दोघांचेही डोंगर उघडे. एक रोप लावायचं नाही, एक फांदी तोडायची नाही. बघू, आपणहून कोणाचा आधी झाकतो!" असं म्हणून त्यांनी वरकशीत कोयता बंद केला. आक्का कडाडली, "आनि राब कशाचा करायचा? तुमच्या डोसक्याच्या केसांचा? तेबी कुटं उरलेत!" भावोजी टकलावरून हात फिरवत हसले. पण मागे हटले नाहीत, आणि गावभरचा पाचोळा गोळा करायचं काम आक्काच्या गळ्यात पडलं.

तिकडची खबर आणायचे मुरुडचे हसनभाई. ते खलाशी होते, मोलमीनहून लाकूड आणणाऱ्या जहाजावर. रजेवर आले की भावोजी त्यांना चहासुद्धा नंतर देत, आधी कोळ्याच्या होडीत बसवून समुद्रात नेत. हसनभाई तिकडचा डोंगर जहाजावरून बघतात, मग आपलाही समुद्रातूनच बघायला हवा आणि त्यांच्याच डोळ्यांनी, हा त्यांचा न्याय. लाल माती कुठं किती दिसते, यावर दोघांचा वाद चालायचा. "तिकडं उतार झाकला," असं हसनभाई म्हणाले की भावोजींचं तोंड उतरायचं, आणि घटकाभरानं स्वतःच म्हणायचे, "चला, एक तरी सावरला!" असा दिलदार माणूस मी दुसरा पाहिला नाही हो.

एका फाल्गुनात अवकाळी पाऊस झाला आणि साठवलेला सगळा पाचोळा कुजला. राब नाही म्हणजे रोपं नाहीत, रोपं नाहीत म्हणजे वर्षाचा भात नाही. आक्का कोयता घेऊन डोंगराकडे निघाली. मी तिथंच होते. भावोजींनी तिच्या हातातून कोयता घेतला तो अगदी हळू, आणि दारातल्या आंब्यावर चढले. कैऱ्यांनी लगडलेल्या फांद्या धडाधड खाली येऊ लागल्या. आक्कानं हौसेनं वाढवलेलं झाड ते... "आंबा आपला आहे," ते वरूनच म्हणाले, "डोंगर अजून त्याचा तो होतोय." आक्का त्या दिवशी जेवली नाही. पण राब झाला, आणि वरकशीतली एक काडीही तुटली नाही.

यंदा माघात ते गेले. फाल्गुन लागताच आक्काचा दीर गणपत आला. "वैनी, आता तरी छाटूया. दादाची हौस झाली, आमच्या पोरांना भात नको?" त्याचंही खोटं नव्हतं. मला वाटलं, आता ही सुटली एकदाची. पण आक्का म्हणाली, "हसनभाईला येऊ दे."

परवा ते आले. आणि जन्मात कधी होडीत पाय न ठेवलेली माझी बहीण नऊवारीचा काष्टा आवळून होडीत चढली! मी बसले तिचा हात धरून, रामनाम घेत. किनारा मागे गेला, आणि वरकस तिला पहिल्यांदाच सबंध दिसली. गर्द हिरवी, आणि वरच्या अंगाला लाल मातीचा एक पट्टा. ती कितीतरी वेळ बघतच राहिली.

"तिकडं असा पट्टा हाय?" तिनं विचारलं.

हसनभाई अडखळले. "खरं सांगू, भाभी? तिकडं न्हाय. तिकडं आता सगळं झाकलंय."

होडी किनाऱ्याला लागली. गणपत कोयता घेऊन वाट बघत होता. पाण्यातून उतरता उतरताच ती त्याला म्हणाली, "कोयता घरी ठेव जा. आपला अजून व्हायचा हाय."