भाऊजींचा अर्धा मीटर

आमच्या भाऊजींना ताप आला की तो नव्याण्णव असतो आणि ते एकशे दोन सांगतात. दवाखान्यात चार माणसं बसलेली असली तर घरी येऊन "अगं, वीसजण होते" म्हणतात. बोट सातला सुटणार असेल तर ताईला सहा सांगतात. ताई त्यांना पुरती ओळखून असल्यामुळे ती पावणेसातला केस विंचरायला घेते, आणि मग दोघं खरोखरच जीव खाऊन धावत सुटतात.

खोटारडा नाही हो माणूस. घाबरट आहे. जगात जे जे म्हणून बुडू शकतं, आदळू शकतं किंवा सांडू शकतं, ते सगळं नेमकं आपल्याच वाट्याला येणार अशी त्यांची पक्की समजूत. ताक फुंकून पिणारे लोक मी पुष्कळ पाहिलेत, पण भाऊजी शेजारच्याचंही फुंकून देतात.

आणि अशा माणसाला नोकरी कुठली मिळावी? बंदराची खोली मोजायची!

मीही त्याच कार्यालयात. ताईची धाकटी बहीण म्हणून नव्हे, रीतसर परीक्षा देऊन लागले, हे आधीच सांगून ठेवते, कारण लोकांची तोंडं कोण धरणार. कार्यालय म्हणजे धक्क्यावरची दोन मजली इमारत. खाली दोरखंड आणि गंजके नांगर, वर तीन टेबलं. खिडकीजवळचं माझं, दाराजवळचं भाऊजींचं, आणि अर्ध्या काचेच्या आडोशामागे साहेबांचं. साहेब म्हणजे बंदर अधिकारी. काच अर्धीच असल्यामुळे ते झोपले की नुसतं टक्कल दिसायचं.

दर तीन महिन्यांनी, ओहोटी अगदी तळाला गेली की भाऊजी लाँचने खाडीच्या तोंडाशी जायचे. हातात दोरी, तिच्या टोकाला शिशाचा गोळा. दोरीवर दर मीटरला लाल चिंधी, मध्ये दर दशांश मीटरला एक बारीक गाठ. गोळा सोडायचा, दोरी सैल पडली की तळ लागला, चिंधी आणि गाठी मोजायच्या. अशा पंधरा जागा. त्यातली सगळ्यात उथळ जागा म्हणजे बंदराची खोली. आकडा चिठ्ठीवर लिहून ते मला देत, मी पत्रकात टाइप करी, साहेब सही करत आणि पत्रक राजधानीला जाई. अठ्ठावीस वर्षं असंच चाललं, त्यातली शेवटची एकोणीस माझ्या टाइपाने.

मध्ये एकदा सरकारने खोली मोजायचं यंत्रही पाठवलं होतं. भाऊजींनी आठ दिवसांत शेरा मारला, "यंत्र अर्धा मीटर जास्त दाखवते." दुरुस्तीला गेलं, परत आलं, पुन्हा तोच शेरा. तिसऱ्या खेपेला दुरुस्तीवाला वैतागला. "तुम्हाला किती दाखवायला हवंय ते सांगा," म्हणाला आणि तेवढ्यावर काटा बसवून गेला. तेव्हापासून यंत्र उत्तम चालत होतं. तेव्हाच माझ्या डोक्यात प्रकाश पडायला हवा होता, पण मला कुठली मेलीला तेवढी अक्कल!

मग एक दिवस राजधानीहून खोका आला. आत सरकारचं नवं सागरी धोरण, पुढच्या तीस वर्षांचं. तीन जाडजूड खंड. पहिल्या खंडात समुद्राची चित्रं, दुसऱ्यात बाणांच्या आकृत्या, तिसऱ्यात परिशिष्टं. साहेबांनी पहिला खंड उशाला घेतला. भाऊजी मात्र परिशिष्टं वाचायला बसले, कारण वाईट बातमी नेहमी शेवटच्या पानांत असते असं त्यांचं म्हणणं. त्या दिवशी ते बरोबर निघालं.

सातव्या परिशिष्टात देशातल्या सगळ्या बंदरांची प्रतवारी होती. सहा मीटर आणि त्याहून जास्त खोलीची बंदरं वाढवायची. सहाच्या आतली बंद करून मोठ्या बंदरांत विलीन करायची. आमचं नाव विलीन होणाऱ्यांत होतं. खोली, पाच मीटर. हरकत असल्यास तीस दिवसांत कळवावी.

मी पहिल्यांदा हसलेच. बंद? हमाल, लाँचवाले, बर्फाचा कारखाना, दोरखंडवाला, धक्क्यावरचं चहाचं दुकान, अर्धं गाव त्या बंदरावर जगतं. तीस वर्षांचं धोरण आखताना हे कोणाला दिसलं नाही? पण भाऊजींचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"पाच कसे?" ते म्हणाले. "मी तर पाच मीटर नऊ दशांश, पाच-नऊ दिले होते."

"मी पाच-सहा टाइप केले होते," माझ्या तोंडून निघून गेलं.

भाऊजी हळूच वळले. "पाच-सहा? का?"

आता काय सांगणार! आपलेच दात आणि आपलेच ओठ. एकोणीस वर्षं मी त्यांच्या प्रत्येक आकड्यातून तीन गाठी काढत आले होते. "तुम्ही सगळंच वाढवून सांगता ना भाऊजी," मी म्हटलं. "ताप, रांग, सगळंच. मला वाटलं खोलीही वाढवूनच सांगत असाल. उद्या एखादं जहाज रुतलं तर ताईचं कुंकू तुरुंगात जायला नको."

"मी धोका वाढवून सांगतो गं!" भाऊजी किंचाळले. "खोली वाढवली तर धोका कमी होतो! एवढं कळत नाही तुला?"

खरंच नव्हतं कळलं. एकोणीस वर्षांत एकदाही डोक्यात आलं नाही. मी खाली मान घातली, आणि काचेमागून टक्कल वर आलं.

"सही करताना मीही सहा दशांश कापतो," साहेब अगदी बारीक आवाजात म्हणाले. "निवृत्तीपर्यंत डोक्याला ताप नको म्हणून. तुम्हीही कापता हे मला काय माहीत?"

म्हणजे बघा, एकाच खोलीत, तीन टेबलांवर बसून, आम्ही गुपचूप समुद्र भरत होतो, आणि प्रत्येकाला वाटत होतं की शहाणा तेवढा मीच.

बाहेरच्यांना मात्र सगळं ठाऊक होतं. त्या संध्याकाळी एका मालवाहू जहाजाच्या कप्तानाला मी विचारलं, तर तो म्हणाला, "तुमच्या बंदराच्या कागदावरच्या आकड्यात एक-दीड मीटर मिळवायचे, हे आम्हाला पहिल्याच दिवशी शिकवतात." सगळं जग मिळवून वाचत होतं. लिहिलं तसं वाचणारं एकटं सरकारच निघालं!

"मग काय, माझे तीन आणि साहेबांचे सहा परत घालू," मी म्हटलं. "चूक झाली म्हणून कळवू."

"घाल," भाऊजी म्हणाले. "किती होतात?"

पाच-नऊ. हत्ती गेला आणि शेपूट राहिलं. एका दशांशासाठी बंदर जाणार होतं. आणि भाऊजी टेबलाची कड नखाने खरवडत बसले होते.

"भाऊजी," मी विचारलं, "खरी खोली किती आहे?"

"सहा-चार." मग म्हणाले, "पहिल्या दिवसापासून अर्धा मीटर हातचा राखलाय. पण हे सांगायचं म्हणजे अठ्ठावीस वर्षांची एकशे बारा पत्रकं खोटी होती असं स्वतःच्या तोंडाने सांगायचं. माझ्याजवळ दुसरं आहे काय? लोक हसतात मला, पण माझा आकडा कोणी खोटा म्हटला नाही."

मला त्यांची इतकी दया आली की चेष्टा सुचेना.

साहेबांनी राजधानीला दोन शब्दांचं पत्र लिहिलं, "हरकत आहे." कारण लिहायची त्यांची छाती होईना. विसाव्या दिवशी धोरण विभागातल्या एक मॅडम स्वतः येऊन थडकल्या. पन्नाशीच्या, चष्मा गळ्यात, चपला पाण्यात घालायच्या लायकीच्या. मला तिथेच कळलं की ही बाई फोटो काढून परत जाणारी नव्हे.

"हरकत काय आहे?" त्यांनी बसल्या बसल्या विचारलं.

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, मी भाऊजींकडे. भाऊजी उभे राहिले. "मॅडम, मी अठ्ठावीस वर्षं अर्धा मीटर कमी लिहीत आलोय," ते म्हणाले. "कोणाच्या सांगण्यावरून नाही. भीतीपोटी. शिक्षा करायची असेल तर मला करा, पण बंदर बंद करू नका. ते आहे त्याहून उथळ मी केलंय."

आता हा माणूस एकटा फासावर चढणार आणि मी बसून बघणार? मीही उठले. "माझे तीन दशांश लिहून घ्या." मग काचेमागून खुर्ची सरकल्याचा आवाज आला आणि साहेबांनी हात वर केला, शाळेत करतात तसा.

मॅडमनी चष्मा लावला, काढला, पुन्हा लावला. "अजून कोणी आहे? शिपाई? लाँचवाला?" त्या म्हणाल्या. मग म्हणाल्या, "तुमच्या कोणाच्याच शब्दावर मी आता विश्वास ठेवणार नाही. ओहोटी कधी आहे?"

"अकरा-चाळीस," भाऊजी म्हणाले. आणि लगेच, "खरंच अकरा-चाळीस."

आम्ही चौघं लाँचमध्ये बसलो. साहेब अकरा वर्षांनी समुद्रावर येत होते आणि धक्का सुटायच्या आत हिरवे पडले. खाडीच्या तोंडाशी, सगळ्यात उथळ जागी भाऊजींनी गोळा सोडला. दोरी सरसरत गेली आणि सैल पडली. त्यांनी ओणवं होऊन चिंधी पाहिली, गाठी मोजल्या आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "पाच..."

"भाऊजी!" मी ओरडले.

ते थांबले. कपाळावर घाम आला. अहो, जीभच वळेना माणसाची! अठ्ठावीस वर्षांचं वळण पडलेलं. कोणीतरी दात उपटावा तसं तोंड करून ते म्हणाले, "सहा-चार."

मॅडमनी दोरी हातातून काढून घेतली, स्वतः सोडली, स्वतः मोजली. सहा-चार. त्यांनी पिशवीतून फॉर्म काढला. मी साहेबांना आनंदाने गदागदा हलवलं, जे त्यांच्या पोटाला अजिबात मानवलं नाही.

"थांबा," मॅडम लिहिता लिहिता म्हणाल्या. "हरकतीनंतर हाताने घेतलेल्या फेरमोजणीतून विभाग सुरक्षिततेसाठी अर्धा मीटर वजा करतो. नियम आहे. पाच-नऊ."

माझ्या डोळ्यांपुढे अंधारी आली. म्हणजे वरही आमच्यासारखेच बसले होते!

आणि आमचे भाऊजी, लाँचमध्ये कधी उभे न राहणारे भाऊजी, ताडकन उभे राहिले. "नाही! सहा-चार म्हणजे सहा-चार. एक गाठ कमी करायची नाही."

"आणि त्या आकड्यावर जहाज रुतलं तर जबाबदार कोण?"

"वजा न करायचा काही मार्ग नाही का?" भाऊजींनी विचारलं.

मॅडमनी फॉर्म उलटा केला. मागे खाली एक चौकट होती. मोजणाऱ्याने आकड्याची पूर्ण जबाबदारी स्वतःच्या नावावर घेतली तर वजावट होणार नव्हती. "आजवर इथे कोणी सही केलेली मी पाहिली नाही," त्या म्हणाल्या. "नीट विचार करा. जहाज रुतलं तर ना तुमचे साहेब मध्ये येतील, ना मी. एकटे तुम्ही."

"भाऊजी, निवृत्तीला दोन वर्षं राहिलीत," मी कानात म्हटलं. "ताईचा विचार करा."

"तिचाच करतोय. तुमचे दोन्ही भाऊ याच बंदरातल्या लाँचवर पोट भरतात," ते म्हणाले आणि पेन मागितलं. लाँच हलत होती, पण सही झाली. मॅडमनी फॉर्म घडी करून पिशवीत ठेवला. मग माझ्या आणि साहेबांच्या लेखी खुलाशाचं फर्मान काढून त्या गेल्या. खुलासा मी टाइप केला. काही कमी केलं नाही.

बंदर राहिलं. सुधारित परिशिष्टात आम्ही वाढणाऱ्यांत गेलो. पण ताईच्या डोक्याला नवाच ताप झाला. भाऊजी आता रोज मोजायला जातात. रोज! सुट्टी नाही, पाहुणे नाहीत. "तीन महिन्यांनी मोजायचं असतं हो," मी एकदा म्हटलं, तर म्हणाले, "गाळ काय तीन महिने थांबतो? आता वरून कोणी मिळवत नाही. मी लिहीन तेवढ्यावरच येतील लोक."

मागच्या महिन्यात पहिलं मोठं जहाज आलं, तेही ऐन ओहोटीला. सहा-एक पाणी लागणारं. म्हणजे त्याच्या बुडाखाली तीनच गाठी मोकळ्या. सगळं गाव धक्क्यावर जमलं होतं, साहेबसुद्धा. भाऊजी एकटेच टोकाला उभे होते, हात छातीशी घट्ट धरून. जहाज खाडीच्या तोंडाशी आलं तेव्हा त्यांनी डोळे मिटून घेतले. मीही मिटले. उघडले तेव्हा ते आत आलेलं होतं, आणि वर कप्तान रेलिंगला टेकून चहा पीत होता.

"बघितलंस?" भाऊजी मला म्हणाले. "त्याने वेगसुद्धा कमी केला नाही." आणि धक्क्यावरच्या लोखंडी खुंटावर बसून ते सगळ्यांदेखत हमसून हमसून रडायला लागले.