मामांचं निर्वाण आणि धुळ्याचं भरीत

माझ्या बायकोच्या मामांइतका घाईघाईने निर्वाणाकडे निघालेला माणूस साऱ्या खानदेशात दुसरा नसेल. भडगावला गिरणेकाठी त्यांची शेती. साठी उलटल्यावर ते एकदा मौनाच्या शिबिराला गेले आणि परतले ते 'आता निर्वाण मिळवायचं' असं ठरवूनच. मामींनी ही बातमी सगळ्यांना रडत रडत फोनवर कळवली. निर्वाण म्हणजे माणूस जाणं, एवढंच आम्हाला ठाऊक. त्यामुळे निम्मे नातेवाईक केळी-मोसंबी घेऊन भेटायला हजर झाले. मामांनी ती फळं शांतपणे सोलून आम्हालाच खायला घातली आणि समजावलं की यात मरायचं काही नाही. हाव, द्वेष आणि मोह जिवंतपणीच विझवायचे, आणि त्यासाठी बुद्धांनी आठ अंगांचा मार्ग सांगून ठेवलाय.

त्या आठांतली सम्यक वाणी त्यांनी आधी बैलांवर आजमावली. आजवर सात पिढ्यांचा उद्धार झाल्याखेरीज पाऊल न उचलणारी ती जोडी 'चला बाबांनो' ऐकून रवंथ करत जागीच उभी राहिली. शेवटी सालदार गड्याला बोलवून शिव्या त्याच्याकडून घालून घेतल्या, आणि मामा कानांवर हात ठेवून बांधावर जाऊन बसले. वीज गेली की ते 'अनित्य' म्हणत, आणि ती आल्यावर पाण्याची मोटार सुरू करायची आम्ही घाई केली की 'आली तीही अनित्यच' म्हणून सावकाश उठत, तोवर ती पुन्हा गेलेली असे. ध्यानात डास चावला तर त्याच्याकडे नुसतं पाहायचं, हा नियम. मामींना मात्र ते बघवेना. त्या मागून येऊन पाठीवर फाडकन मारत, आणि एका फटक्यात डास आणि ध्यान दोन्ही संपत.

सगळं सुटत चाललं होतं, पण धाकट्या भावावरचा राग तेवढा सुटत नव्हता. हे धाकटे मामा धुळ्याला असत. मुलीच्या साखरपुड्यात त्यांनी भरिताची वांगी मिक्सरमधून काढली होती. आमच्याकडे वांगी कपाशीच्या काड्यांवर भाजून लाकडी बडगीत हाताने ठेचतात. थोरल्या भावाला ठेचायला न बोलावता मिक्सर फिरवणं हा मामांच्या लेखी सरळसरळ अपमान होता. ते भरल्या ताटावरून उठले आणि पुन्हा धुळ्याला गेले नाहीत. मामी विनवून थकल्या. त्यांचं एकच म्हणणं, दोघं आता म्हातारे झालात, एखादा गेल्यावर बोलणार का? बाकी सगळं सोडायला तयार असलेल्या मामांचं उत्तर ठरलेलं असे, "बठ्ठं सोडसू, पन ते मिक्सर इसरावत नही." रोज पहाटे ते दाही दिशांच्या प्राणिमात्रांचं मंगल चिंतत, धुळ्याची दिशा आली की जरा भरभर उरकत.

गेल्या हिवाळ्यात धाकट्या मामांना लकवा मारल्याचा फोन आला. मामा ध्यानाच्या आसनावर जाऊन बसले, पण लगेच उठले आणि शेतातून वांगी तोडून आणून भाजायला लागले. सोबतीला मी होतो. धुळ्याला पोचलो तर आम्हाला पाहून घाबरलेल्या धाकट्या मामींनी आधी माळ्यावरची बडगी काढली. मामा कॉटपाशी उभे राहिले. भावाचं तोंड एका बाजूला ओढलेलं, घास चावता येत नव्हता, सगळं बारीक करूनच द्यावं लागत होतं. मामांनी बडगी बाजूला सारली आणि भावजयीला म्हणाले, "मिक्सर काढ." स्वतःच्या हाताने त्यांनी भरीत फिरवलं आणि चमच्या-चमच्याने भरवलं. धाकटे मामा अडखळत म्हणाले, "भाऊ, मीठ कमी शे." मामांनी मुकाट्याने मीठ घातलं.

परतीच्या एसटीत मी विचारलं, मामा, निर्वाण म्हणतात ते हेच का?

"ते लांब शे, जवाई. पन काड्या घालनं बंद करं का जाळ इझस, इतलं आज समजनं."

पुढचं शिबिर त्यांनी रद्द केलं. दर आठवड्याला भाजलेली वांगी घेऊन ते धुळ्याची एसटी धरतात. निर्वाणाचं काय, असं मामींनी एकदा हसत विचारलं, तर म्हणाले, भाऊ आहे तोवर एवढा मोह राहू दे.