आमचं स्टेटस पाहणारा पहिला माणूस

शेवटची दोन रोपं बांधायची राहिली होती आणि उजेड जात होता. मी कलमाचा डोळा बसवत होतो, आमची मंडळी, म्हणजे बायको, पट्टी गुंडाळत होती. फोन तिनं उलट्या बादलीला टेकवून ठेवला होता, व्हिडिओ चालू. त्यात आमचे नुसते हात यायचे, तोंडं न्हाई. ती म्हणाली, "अहो, हात थरथरून राह्यले तुमचे. ढिली पट्टी चालत न्हाई. द्या इकडं." मी दिलं. तिनं बांधलं, फोन उचलला, हात धुतले आणि भाकरी टाकायला गेली. दोघांनी मिळून केलेलं ते शेवटचं काम.

दुसऱ्या दिवशी तिच्या छातीत कळ आली. परतूरच्या डॉक्टरनं जालन्याला न्या म्हणून सांगितलं. जालना आलंच न्हाई.

माझी शाळा चौथीपर्यंत. वाटूरजवळ मोसंबीची नर्सरी आहे, त्याच्यावरच आयुष्य गेलं. काम असं असतं. जंबुरी म्हणून एक रानटी लिंबू असतं, त्याची मुळं दणकट. त्याच्या खोडाला बारीक चीर द्यायची, चांगल्या मोसंबीच्या फांदीचा एक डोळा, म्हणजे कोंब फुटायची जागा, काढून त्या चिरेत बसवायचा आणि वरून पट्टी बांधायची. दोन-तीन आठवड्यांनी पट्टी सोडायची. डोळा हिरवा असला तर कलम लागलं, काळा असला तर गेलं. हिवाळ्यात बांधलेलं पावसाळ्यात विकायचं.

फोनचं सगळं मंडळीकडं होतं. स्टेटस तीच टाकायची. स्टेटस म्हणजे आपण टाकलेला फोटो एक दिवस सगळ्या ओळखीच्यांना दिसतो, आणि कोणी पाह्यला त्यांची नावं आपल्याला दिसतात. आमचं स्टेटस सगळ्यात आधी पाहायचा बबन. बबनची नर्सरी फाट्याच्या पलीकडं. डोळा बांधायला तो आमच्याकडंच शिकला, मंडळीच्या शेजारी बसून. तिला काकू म्हणायचा.

एकदा तिनं गिऱ्हाइकाच्या नावासकट भरलेल्या टेम्पोचा फोटो टाकला. टेम्पो गावात पोचायच्या आधी बबनचा त्या गिऱ्हाइकाला फोन गेल्ता, पुढची रोपं माझ्याकडून घ्या म्हणून. मी म्हणालो, त्याला ब्लॉक कर. ती म्हणाली, "नको. बंद केला तर दुसऱ्याच्या फोनवरून पाहील, आन् आपल्याला कळायचं न्हाई. आता निदान नाव तरी दिसतं."

मंग तिनं एक कायदा केला. आजचं काम आज टाकायचं न्हाई. पंधरा दिवस फोनमध्ये पडू द्यायचं, मंग टाकायचं. गिऱ्हाइकाला काय, काम दिसल्याशी मतलब. बबनला मात्र शिळंच मिळायचं. बिलकुल बराबर चाललं होतं ते.

ती गेल्याची खबर पोरीनं, संगीतानं, त्याच दिवशी स्टेटसला टाकली. आमच्या फोनवरून त्या दिवसाची गोष्ट त्याच दिवशी जाण्याची बऱ्याच काळात पहिलीच वेळ. पहिलं नाव बबनचं. तो माती द्यायला आल्ता. सतरंजीवर बसला, खाली पाहत.

सुतकात आम्ही नर्सरीत पाय ठेवला न्हाई. पाणी शेजाऱ्यानं दिलं. पाचव्या दिवशी संगीतानं आईचा फोन उघडला, तो शेवटचा व्हिडिओ तिला सापडला. पोरगी रडली आणि तो स्टेटसला टाकला. खाली काही लिहिलं न्हाई. आईचा कायदा तिला माहीत नव्हता. मलाही त्या वेळी काही वाटलं न्हाई.

दोन दिवसांनी शेषरावांचा फोन आला. राजूरकडचे बागायतदार. नवी बाग लावणार होते, त्या हिवाळ्यातली आमची निम्मी रोपं त्यांच्यासाठीच बांधलेली. आधी मंडळीबद्दल बोलले. मंग म्हणाले, "अण्णा, वाईट वाटून घेऊ नका, पण सुतकात कलमं बांधलीत म्हणं."

मी म्हणालो, "कोण म्हणलं?"

"फोटो आलाय माझ्याकडं. तुमच्याच स्टेटसचा."

आमच्याकडं नव्या बागेला सुतकातल्या हातचं रोप लावत न्हाईत. शेषराव मानतात, त्यांची म्हातारी आई मानते, मी पण मानतो. त्यामुळं त्यांना हसण्यात अर्थ नव्हता. मी सांगितलं, ते हात आमच्या मंडळीचे आहेत, ती जिती असतानाचे. ते म्हणाले, फोटोत नुसते हात दिसतात अण्णा, कोणाचे ते कसं कळावं. मी अख्खा व्हिडिओ त्यांना पाठवून दिला. पाह्यल्याची निळी खूण आली. जवाब न्हाई.

संगीता म्हणाली, त्या व्हिडिओला पण पहिलं नाव बबनचंच होतं; त्याला ब्लॉक करते, त्यानं काय केलं ते स्टेटसला लिहिते. मी न्हाई म्हणालो. सुतकात दुसऱ्याच्या दारात जाता येत न्हाई. तेरावं झालं आणि दुसऱ्याच दिवशी संध्याकाळी गेलो.

बबन पिशव्यांत माती भरून राह्यला होता. खुर्ची दिली. मी उभाच राह्यलो. फोटो तू पाठवला का, म्हणून विचारलं. त्यानं नाकारलं न्हाई.

"मी काय खोटं पाठवलं अण्णा? तुमच्याच स्टेटसला होतं. त्यांनी विचारलं, मी दाखवलं."

मी फोन काढला आणि व्हिडिओ लावला. ती बोलली. हात थरथरून राह्यले तुमचे. ढिली पट्टी चालत न्हाई. बबननं हातातलं घमेलं खाली ठेवलं.

मी म्हणालो, "तू हा आवाज चालू ठेवून पाह्यला होता का बंद ठेवून?"

त्यानं घमेलं परत उचललं.

"बबन, तुला विचारून राह्यलो."

"चालू ठेवून," तो म्हणाला.

"मंग लाव शेषरावला फोन. काकूचे हात आहेत म्हणून सांग. तुझं तो ऐकंल."

तो मातीकडं पाहत होता. "अण्णा, त्यांची ऑर्डर मी कालच घेतली. धंदा आहे हा. आता कसं सांगू?"

मी घरी आलो. शिवी दिली न्हाई. दिली असती तर ती पण त्यानं कोणाला तरी ऐकवली असती.

दुसऱ्या दिवशी सकाळी नर्सरीत गेलो. पट्ट्या सोडायची वेळ झाली होती, ती काही कोणासाठी थांबत न्हाई. उशीर झाला की खोडात रुतते. फोन उलट्या बादलीला टेकवला, ती टेकवायची तसा. आधी वार आणि तारीख मोठ्यानं बोललो. मंग बोललो, ही बांधणारी आमची मंडळी, ती आता न्हाई. सोडणारा मी. असं म्हणून शेवटचं रोप घेतलं, जे तिनं माझ्या हातून काढून घेतल्तं. पट्टी सोडली. डोळा हिरवा होता.

ते तसंच, त्याच वेळी, स्टेटसला टाकलं. आता दर व्हिडिओत आधी तारीख बोलायची, मंग काम दाखवायचं, हा माझा कायदा. शेषराव त्यानं परत येणार न्हाईत, ते मला माहीत होतं.

पुढची पट्टी हातात घेतली तोवर नाव आलं. पहिलं, बबनचं. आवाज चालू ठेवून पाह्यलं का बंद ठेवून, ते फोन सांगत न्हाई.